दुर्री

चाळीस वर्षं ऑर्ताच्या पोस्टात मी पत्ते वाचले.
पावसात विरघळलेले,
नुसतं 'चर्चमागे, निळं दार' एवढंच लिहिलेले,
अमेरिकेहून एखादं अक्षर गाळून आलेले.
एकही पत्र परत गेलं नाही, असं निरोप देताना साहेब म्हणाले.
खोटं आहे. पण अशा वेळी असंच बोलतात.

आता आईच्या आईच्या आईचा पत्ता शोधत बसलोय.

नाव फेलिज्मिना.
आडनावाच्या जागी कारकुनाने लिहिलंय : सोडलेली.
३ फेब्रुवारी १८५९, रात्री अकरानंतर,
नगरपालिकेच्या भिंतीतल्या चाकावर.
चाक म्हणजे उभं लाकडी पिंप, एका बाजूने उघडं.
मूल ठेवायचं, फिरवायचं, घंटा ओढायची
आणि आतल्या बाईने कंदील उचलायच्या आत
अंधारात मिसळायचं.

अंगावर काय होतं तेही टिपलंय.
लोकरी चिंधी, तपकिरी.
टोपडं, एक बंद तुटलेला.
गळ्यात दोऱ्याने बांधलेली किलवरची दुर्री,
आडवी कापलेली, अर्धीच.

म्हणजे उरलेली अर्धी कुणीतरी जपणार होतं.
परत यायचं म्हणत होतं.

तिथे मी वर्षभर अडलो.
हाती पत्ता होता, पत्ता नव्हता.

मग नातीने नळीत थुंकायला लावलं.
पाकिटाचं वजन केलं मी, सवयीने : तेवीस ग्रॅम.
सात आठवड्यांनी डीएनएची यादी आली, लांबलचक.
बेटावर सगळेच सगळ्यांचे काहीतरी लागतात.
निम्मी माझी गिऱ्हाइकं,
आणि एक तो, ज्याच्याशी बांधावरून
अकरा वर्षं बोलणं बंद आहे.
पण आईकडून आईकडे जाणारी एक वाट असते,
माझ्यासारख्या बाप्यापाशी येऊन ती संपते.
त्या वाटेवर एकच बाई भेटली.
फॉल रिव्हरची डॉर्लीन मेडेरोस, निवृत्त नर्स.
तिने लिहिलं : माझी खापरपणजी जासिंता.
तिची बहीण बेटावरच राहिली. जेर्त्रूदिश.

हे नाव मी वाचलं होतं.
माणसं विसरतो मी, अक्षर विसरत नाही.

तीच वही, मागची पानं, दुधाच्या पैशांचा हिशेब.
७ फेब्रुवारी. मूल फेलिज्मिना दाईला दिलं.
दाई जेर्त्रूदिश, कापेलूची, अविवाहित.
स्वतःचं मूल गेल्याचं सांगते. दूध ताजं.
महिना बाराशे रेईश.
सहीच्या जागी फुली.

चार दिवस.
चार दिवस छाती बांधून कुठे बसली असेल,
किती वेळा त्या रस्त्याने आली आणि वळली असेल,
वहीत नाही.
कारकुनाने 'ताजं' लिहिलं आणि पुढे विचारलं नाही.
त्या माणसाचं नाव मात्र लागत नाही.

पुढे चौऱ्याऐंशी फुल्या. मी मोजल्या.
पहिल्या वाकड्या, नंतरच्या घाईच्या,
एक ओली होऊन पसरलेली.
शेवटी : वय सात पूर्ण. वेतन बंद.
मूल परत आणलेलं नाही.

नात म्हणाली, म्हणजे स्वतःच्याच मुलीला पाजायचे पैसे घेतले?
घेतले.
स्वतःलाच रजिस्टर पत्र पाठवणारी माणसं
खिडकीतून पाहिलीत मी.
कुणाचा तरी शिक्का लागतो,
त्याशिवाय आपलं ते आपल्या हातात येत नाही.

डॉर्लीन सावध आहे. बहिणी तीन असतील, म्हणते.
आई तिसरीच असेल, जेर्त्रूदिश नुसती मावशी.
असेल.
रक्त गल्ली सांगतं, दार सांगत नाही.

रात्री मी पत्त्यांच्या कॅटमधली दुर्री काढली, आडवी कापली.
दोन एक्के निघाले.
अडुसष्ट वर्षं पत्ते पिसतोय, हे कधी दिसलं नव्हतं.
एक पाकिटात घातला, फॉल रिव्हरचा पत्ता
सुटं सुटं अक्षर काढून लिहिला.

सकाळी नात ओरडली :
आता सुएका काय एकोणचाळीस पानांवर खेळायचं?